पुढच्या पर्सची राखण

वेळणेश्वर
२० जानेवारी २०२५

प्रिय दमू,
आशीर्वाद.

तुझ्या लेकाचा, संदेशचा, फोन आला होता. तू त्याच्याकडे लिस्बनला जाणार, तीन महिने राहून नातीला सांभाळणार, हे त्याने सांगितलं. तू सांगितलं नाहीस. सख्ख्या बहिणीची बातमी मंडणगडहून वेळणेश्वरला यायची, तर ती लिस्बनवरून फिरून आली. असो. मी आता रागावत नाही, डॉक्टरने मना केलंय.

राजश्री म्हणाली, फोन करा आणि बोला. पण फोनवर माझा कान आणि तुमच्या डोंगरातली रेंज, दोन्ही दगा देतात. शिवाय लिहिलेलं तू दोनदा वाचशील.

माझा जन्म बोटीवर गेला, खलाशांचा मुकादम, म्हणजे बोसन म्हणून, हे तुला सांगायला नको. लिस्बनच्या धक्क्याला कितीदा लागलोय. गाव देखणं, माणसं आपल्यासारखीच मासेखाऊ. पण तिथल्या ट्रॅममधले पाकीटमार असे की अंगातल्या सदऱ्याचं बटण काढून नेतील आणि वर आपणच त्यांना बसायला जागा देऊ. तेव्हा ऐक. हॉटेलात पिशवी खुर्चीच्या पाठीला लटकवायची नाही, मांडीवर घ्यायची. कोणी म्हणालं, बाई, तुमच्या खांद्यावर काहीतरी सांडलंय, पुसून देतो, तर तसंच सांडलेलं घेऊन चालू लागायचं. कोणी सहीसाठी कागद पुढे केला, नकाशा पुढे केला, तर त्या कागदाखाली दुसरा हात असतो. गर्दीत तोंडं बघू नकोस, हात बघ. पासपोर्ट आणि खरे पैसे परकराला आतून खिसा शिवून त्यात ठेव. पासपोर्टची झेरॉक्स वेगळी.

आणि मुख्य गोष्ट. चोराला अगदी रिकामं पाठवू नये, नाहीतर तो आणखी खोल हात घालतो. म्हणून आम्ही खलाशी एक पाकीट खास त्याच्यासाठी ठेवायचो. तू तशी एक पर्स पुढे, सहज दिसेल अशी लटकव. थोडी चिल्लर, एखादं बाद झालेलं कार्ड, एक फणी. तो ती नेईल आणि तू सुटशील.

तुझा,
लवूदादा

---

मंडणगड
२७ जानेवारी २०२५

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

पत्र दोनदा नाही, तीनदा वाचलं. तुझं सगळं ऐकायचं तर तीन महिने मी लिस्बनमधल्या लोकांचे हातच बघत बसणार. मग सानवीकडे कधी बघू? तुला आधी सांगितलं नाही, कारण माझंच नक्की होत नव्हतं. हे गेल्यापासून मी एकटी एसटीने चिपळूणच्या पुढे गेलेले नाही, आणि आता एकदम विमान. पण सानवी चार वर्षांची झाली आणि तिने आजीला फक्त फोनच्या काचेत बघितलंय. काचेवर पापे घेऊन कंटाळले रे मी.

खिसा शिवला. पहिल्यांदा पुढे शिवला तर बसता येईना. आता बाजूला घेतलाय. त्यात हात घालायचा तर मलाच कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करावं लागतं, चोराचं काय घेऊन बसलास! पुढची पर्सही काढून ठेवली, ती लाल, भाचीच्या लग्नात आलेली.

तुझी युक्ती झाली, आता माझं एक ऐक. बाबा आपल्या बागेत कलमं तयार झाली की डोंगरमाथ्याच्या कातळावर, सड्यावरच्या राखणदार देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे. मग फडक्यात तांदूळ आणि सुपारी बांधून ती पुरचुंडी फांदीला लटकवायचे. एकदा राखण लागली की त्या झाडाला हात लावायची कोणाची बिशाद नव्हती. लावलाच, तर तो पोट धरून गडबडा लोळायचा आणि आंबे परत आणून ठेवायचा. आठवतंय ना? तशी माझ्या पर्सला राखण घाल. पुरचुंडी टपालाने पाठव, मी आत टाचणीने लावीन. हसू नकोस. तुला लिस्बन माहीत आहे, मला राखणदार माहीत आहे.

वहिनीला नमस्कार. फणसपोळी आणि आमसुलं बांधून घेतली आहेत.

तुझी,
दमू

---

वेळणेश्वर
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय दमू,

पुरचुंडी सोबत पाठवतोय. गंगाराम गुरव सोयरिकीसाठी गुहागरला गेला होता, म्हणून गाऱ्हाणं मीच घातलं. राजश्री नारळ घेऊन आली होती. काय बोललो ते विचारू नकोस, देवाचं देवापाशी. सुरंगी फुलली आहे, राखणदाराच्या डोक्यावर नुसता सडा पडलाय.

विमानात पाणी पीत राहा. कान दुखले तर जांभई दे.

दादा

---

लिस्बन
३ मार्च २०२५

ती. दादास,

टपालाने टाकलं तर हे पत्र आंबे संपल्यावर पोचेल, म्हणून लिहून, फोटो काढून वहिनीच्या फोनवर पाठवते आहे. घर लहान आहे. फोनवर बोललं की सगळ्यांना ऐकू जातं आणि हे मला सगळ्यांना ऐकवायचं नाही.

मी छान आहे. सानवीने पहिले दोन दिवस दाराआडून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मांडीवर येऊन बसली ती उठेचना. रोज तिला बालवाडीत सोडायला आणि आणायला मी ट्रॅमने जाते, एकटी. संदेशला अभिमान वाटतो. चावी, साबण, बादली हे शब्द मूळचे इथल्याच पोर्तुगीजातले, ते मी म्हटले की शेजारच्या बाईला अर्धेमुर्धे कळतात. बाकीचं आम्ही हातवाऱ्यांनी भागवतो.

परवा पर्स गेली.

थांब, ओरडू नकोस. पुढची पर्स. लाल. पासपोर्ट, पैसे, सगळं परकराच्या खिशात जसंच्या तसं आहे. संदेशला सांगितलं तर तो टाळ्या वाजवून हसला. "मामा जिंकला!" म्हणाला. आता येणाऱ्याजाणाऱ्याला ही गोष्ट सांगतो.

पण त्याला जे सांगितलं नाही ते तुला सांगते. दादा, मला तो हात दिसला होता. तूच म्हणाला होतास ना, हात बघ. ट्रॅम गच्च भरली होती. एक मुलगी माझ्याशेजारी उभी होती, लांब कोट, फिकट चेहरा, संदेशपेक्षा किती लहान. तिचा हात हळूच पर्सपाशी आला. मी ओरडले असते तर तिने सोडून दिली असती. पण मी गप्प राहिले. मनात म्हटलं, ने बाई, ने, तुझ्याचसाठी ठेवली आहे! इतकी खूश झाले होते मी स्वतःवर.

मग स्टॉप आला आणि ती उतरली. एक हात दांडीला, एक हात कंबरेवर, आधी एक पाऊल, मग थांबून दुसरं. कोट बाजूला झाला आणि पोट दिसलं. आठवा-नववा असेल. खाली उतरून तिने वळून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला पुरचुंडी आठवली.

दादा, त्या पर्सवर राखण आहे. आपण देवाला सांगून ठेवलंय की हात लावील त्याला सोडू नको. आणि हात लावला तो एका पोटुशी पोरीने. तिला काही झालं तर? पोटातल्या जिवाला झालं तर? बागेतला चोर आंबे परत आणून ठेवतो आणि सुटतो. ही बिचारी कुठे आणून ठेवणार? तिला कळणार तरी कसं की आपल्याला काय लागलंय?

तू आजच सड्यावर जा. नारळ ठेव आणि राखण उतरव. मी पाया पडते.

दमू

---

वेळणेश्वर
५ मार्च २०२५

प्रिय दमू,

शाब्बास! बोसनची बहीण शोभलीस. तुझं पत्र राजश्रीने वाचून दाखवलं आणि मी बाहेर जाऊन दोघातिघांना सांगूनही आलो. आता दुसरी पर्स लगेच लटकव, पुढची जागा रिकामी ठेवू नकोस.

बाकी त्या पोरीचं मनावर घेऊ नकोस. बंदरांवर मी पोटाला उशी बांधून फिरणाऱ्या पाहिल्या आहेत. लोक जागा देतात, पोलीस हटकत नाहीत, धंद्याला सोयीचं. आणि नसेल उशी, तरी चोर तो चोर. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नये हे मला कबूल, पण चोराला आहेर कोण करतं?

राखण उतरवायची काही गरज नाही. तुला सांगतोय ना, गरज नाही. माझा गुडघा सुजलाय, सडा चढवत नाही. तू जेव, खा, नातीशी खेळ.

दादा

---

लिस्बन
९ मार्च २०२५

दादा,

नमस्कार वगैरे आज नाही.

उशी म्हणालास. माझी स्वतःची तीन बाळंतपणं झाली, त्यातली दोन पोरं हाती लागली नाहीत. पायरी उतरताना बाई कंबर कशी धरते ते तुझ्या बंदरांनी तुला शिकवलं नसेल, मला कळतं. उशी बांधलेली बाई उतरताना थांबत नाही.

आपल्याकडे पोटुशीने काही मागितलं तर वैरीसुद्धा नाही म्हणत नाही. हिने मागितलं नाही, घेतलं, एवढाच तिचा गुन्हा. आणि मी तर ते देण्यासाठीच लटकवलं होतं! मग हा सापळा झाला ना रे? आमिष लावायचं, वर देवाला काठी घेऊन उभं करायचं, आणि आपण परकराच्या खिशावर हात ठेवून मजा बघायची. बाबांनी राखण लावली ती झाडाला. झाड दिसायचं, फडकं दिसायचं, चोराला आधी कळायचं की हात लावू नये. मी फडकं आत लपवलं. तिला कोणी सांगितलंच नाही.

सहा दिवस झाले, मी बाहेर पडलेले नाही. घास उतरत नाही. सानवीला आमची सून वेदिका कामाआधी सोडून येते, तिची धावपळ होते. संदेशला वाटतं आई चोरांना घाबरली. काल म्हणाला, "आई, तुझं तिकीट अलीकडे घेऊ का? उगाच जिवाला घोर." चोरांना नाही रे घाबरले मी, मी आपल्या देवाला घाबरले, हे त्याला कसं सांगू? तो हसेल, आणि हसला तर मला सोसायचं नाही. सानवीचा वाढदिवस एप्रिलमध्ये आहे. त्याच्या आधी मला परत पाठवतील.

गुडघा सुजला असेल तर दुसऱ्या कोणाला पाठव. नाही जमत म्हणालास तर मी गंगारामला फोन करीन. पण मग तुझ्याशी बोलणार नाही.

दमयंती

---

वेळणेश्वर
१० मार्च २०२५

वन्सं,

हे पान तुमच्या भावाला न दाखवता पाठवते आहे. त्यांची पत्रं फोटो काढून पाठवते मीच, तुमची वाचून दाखवते मीच, आणि मधल्या मध्ये माझाच जीव जातो. तुम्ही "दमयंती" अशी सही केलीत, ते मी वाचून दाखवलं आणि माणूस ताटावरून उठला. बांगड्याची आमटी होती. बांगडा टाकून उठणारा हा माणूस नव्हे, तुम्हाला माहीत आहे. आता समुद्राकडे तोंड करून पुळणीवरच्या वाळूत बसलेत.

तेव्हा ऐका. त्या दिवशी सड्यावर मी होते. नारळ माझ्या हातात होता. ह्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि सुरुवात तर मोठ्या आवाजात केली. "बा राखणदारा, बारा वाड्यांच्या धन्या, आज तुज्याकडं येक मागणं घेऊन आलोय." मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. पुढे म्हणाले, "माजी धाकटी भन परमुलखात चाललीय. येकटी हाय. मी बोटीवर असताना आय गेली, बापूस गेला, समदं तिनंच केलान, मी नुसतं तारा वाचल्या." इथे टोपीने डोळे पुसले. मी पुन्हा "व्हय म्हाराजा" म्हटलं, काय म्हणणार! शेवटी म्हणाले, "पर्स जाव दे. पैसं जाव दे. नेतील त्येंना नेव दे. माजी दमू तेवडी सांबाळ." आणि नारळ फोडला.

झालं. एवढंच गाऱ्हाणं. पर्सला राखण घातलीच नाही वन्सं. घातली ती तुम्हाला. मी खाली उतरताना म्हटलंसुद्धा, "अहो, पर्सचं राह्यलं की." तर म्हणाले, "गप गो. तिला सांगू नको." तुम्हाला पुरचुंडी हवी होती म्हणून घरी येऊन मुठभर तांदूळ बांधले. "गरज नाही, गरज नाही" म्हणून लिहितात ते ह्यासाठी. कारण सांगायचं तर रडलेलं सांगावं लागतं, आणि बोसन कुठे रडतो का?

नेणाऱ्याला नेऊ दे, असं ह्यांनी देवापुढे स्वतःच्या तोंडाने म्हटलंय. त्या पोरीला काही होणार नाही. जेवा आता.

तुमची,
राजश्री

---

लिस्बन
२२ मार्च २०२५

ती. दादास आणि सौ. वहिनीस,
दोघांना साष्टांग नमस्कार.

दादा, वहिनीवर रागावू नकोस. रागावलास तर मी सही पुन्हा पूर्ण नावाने करीन.

तिचं पान वाचलं आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. संदेश धावत आला. मग त्याला सगळं सांगितलं, पोरगी, पोट, पुरचुंडी, सगळं. तो हसला नाही रे. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. मग म्हणाला, "मामाने मला बोटीवरून कधी चार ओळी धड लिहिल्या नाहीत, आणि देवापुढे एवढं बोलला?" तिकिटाचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही. मी सोमवारपासून सानवीला नेते-आणते.

तू तारा वाचल्यास असं म्हणालास म्हणे. त्या तारा वाचून तू काय केलं असशील, हे मी तुला कधी विचारलं नाही. चारी बाजूंना पाणी, जवळ आपलं कोणी नाही. मी इथे ज्यांच्याजवळ रडले ती माझी माणसं होती. तुला तर तेवढंही नव्हतं. बोटीवरून येताना तू साबण आणि अत्तर आणायचास, आम्हाला वाटायचं दादाची चैन आहे.

आता गंमत ऐक. दुसरी पर्स लटकवली आहे, निळी. चिल्लर, बाद कार्ड, फणी, सगळं तुझ्या हुकमाप्रमाणे. आणि त्यात डिंकाचे दोन लाडू, कागदात बांधून. डिंक मी येतानाच आणला होता, वेदिकाच्या कंबरेसाठी. ती पोरगी पुन्हा त्या ट्रॅममध्ये आली तर मी तिच्या हाताकडे बघणार नाही, खिडकीबाहेर बघणार आहे. नेऊ दे. ती नाही, दुसरी कोणी नेली तरी गोड लागेल. पण दैव बघ, आता कोणी हातच लावत नाही! घरी आलं की संदेश पर्स उघडतो आणि लाडू खातो. म्हणतो, घरातच चोर आहे तर बाहेरचा कशाला हवा.

ती मला पुन्हा दिसली नाही. दिवस भरत आले असतील. तिच्याजवळ कोण आहे, तिला गरम पाणी कोण देणार आहे, काही माहीत नाही. माझ्या दोन पोरांच्या वेळी माझ्याजवळ सासू होती, आई होती, तरी ती राहिली नाहीत. म्हणून जीव तुटतो.

तू राखण पर्सला घातली नाहीस ते फार बरं केलंस. पण आता एक घाल. तिला. गुडघा बरा झाला की. नाव मला माहीत नाही.

तुझी,
दमू

---

वेळणेश्वर
गुढीपाडवा, ३० मार्च २०२५

प्रिय दमू,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी गुढी उभारली आणि सड्यावर जाऊन आलो. गुडघा कुरकुरला, त्याला म्हटलं, गप बस, आज सण आहे. राजश्री बरोबर होती. हल्ली ती मला एकट्याला देवाकडे सोडत नाही, म्हणते, ऐकायला माणूस हवं.

या वेळी गंगाराम होता. त्याने नारळ घेतलान आणि विचारलान, "कोनासाटी घालायचं?" मी म्हटलं, "एका बाईसाठी. दिवस भरलेत तिचे." तो म्हणाला, "नाव काय? गाव कंचं?" आता आली पंचाईत. नाव नाही, गाव लिस्बन, धंदा पाकीटमारीचा. गंगाराम नारळ हातात धरून थांबलेला. राजश्री माझ्याकडे बघतेय. मग मीच पुढे झालो.

म्हटलं, "बा राखणदारा, नाव आमाला ठावं नाय, तुला ठावं आसंल. आमच्या दमूच्या हातचं तिनं घेतलान, म्हंजे ती आमचीच म्हनायची. आमची माहेरवाशीन समज. तिला सुखरूप मोकळी कर, तिचं बाळ तिच्या पदरात घाल." राजश्री तर "व्हय म्हाराजा" म्हणालीच, पण गंगारामही म्हणाला. उतरताना विचारत होता, कुठल्या पाहुण्यांकडची हो? मी म्हटलं, धाकट्या बहिणीकडची.

तू विचारलंस म्हणून सांगतो. आईची तार आली तेव्हा बोट भर समुद्रात होती. मी इंजिनाच्या आवाजात जाऊन उभा राहिलो, तिथे कोणाला ऐकू जात नाही. बाबांच्या वेळीही तेच. त्या दोन्ही वेळी तू घरी होतीस, म्हणून मला बोटीवर राहता आलं. हे कधीतरी तुला सांगायचं होतं, ते देवाला सांगून बसलो.

सानवीला वाढदिवसाचे आशीर्वाद. आणि एक राहिलं. पर्समधले लाडू आठ दिवसांनी बदलत जा, संदेशने खाल्ले नाहीत तरी. पोटुशी पोरीला शिळं देऊ नये.

तुझा,
लवूदादा